‘टोपण’विषयी माझ्या तक्रारी

३ नोव्हेंबर, एरंडवणे

प्रति,
कु. तनया मायदेव,
‘टोपण’ या सॉफ्टवेअरच्या कर्त्या,
मुक्काम मांजरी.

महोदया,

आपल्या सॉफ्टवेअरच्या पानावर दोन ठळक ओळी आहेत. एक अशी की प्रत्येक तक्रारीला उत्तर मिळेल. दुसरी तिच्या डोक्यावर, लाल चौकटीत: हे काम ३० नोव्हेंबरला थांबवत आहे, त्यानंतर हे पान वाचता येईल, पण इथे काही लिहिता येणार नाही. पहिलीवर भरवसा ठेवून आणि दुसरी मनात धरून मी लिहायला बसले आहे.

मे महिन्यात राजसचं लग्न झालं, तेव्हापासून तू माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलेलं नाहीस. फोन उचलत नाहीस. पण कोण कुठला ब्राझीलचा मनुष्य इथे येतो, ‘चालत नाही’ एवढंच लिहितो, आणि त्याला तू अर्धं पान समजावून सांगतेस. वर आभार मानतेस. म्हटलं, आपणही तक्रारदार व्हावं. त्यांचं बरं चाललेलं दिसतं.

हे पान साऱ्या जगाला दिसतं म्हणे. दिसू दे. ज्याला मराठी येत असेल त्याने वाचावं.

पानाचा पत्ता राजसने दिला. दिवाळीचा फराळ मी त्याच्याच हातून मांजरीला पाठवला होता, तो डबा परत घेऊन आला. डबा धुतलेला होता आणि रिकामा नको म्हणून आत चमचाभर साखर होती. म्हणजे वळण शाबूत आहे, बोलणं तेवढं बंद आहे. मी राजसला विचारलं, “कशी आहे?”

“आत्या, तूच विचार की तिला.”

“ती उचलत नाही.”

“तिचं काम काय आहे ते तरी माहीत आहे का तुला?”

“सॉफ्टवेअर.”

“कसलं?”

“कसलं म्हणजे? संगणकाचं.”

त्याने कपाळाला हात लावला आणि तुझ्या बाबांचा लॅपटॉप उघडून दिला. बाबा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तो कपाटात होता. चालू झाला. तुझ्या सूचना इंग्रजीत आहेत. मला ते जड नाही, फक्त तिसऱ्या परिच्छेदात ‘separate’चं स्पेलिंग चुकलं आहे. आमच्या शाळेत त्यासाठी पूर्ण पान लिहायला लावत.

मला समजलं ते असं. संगणकावर नवीन काही बसवायचं, काढायचं, अद्ययावत करायचं, तर त्या काळ्या खिडकीत त्या पॅकेजचं संपूर्ण नाव टाइप करावं लागतं. नावं कशी, तर एखाद्या संस्थानिकाच्या बिरुदावलीसारखी, मध्ये आडव्या रेघा, शेवटी आकडे. एक अक्षर चुकलं की नकार. तू काय केलंस, तर त्या नावाला प्रत्येकाने आपलं घरगुती नाव ठेवायची सोय केलीस. एकदा सांगून ठेवायचं की अमुक म्हणजे तमुक. मग अमुक म्हटलं की तमुक हजर.

म्हणजे नाव तोडायचं यंत्र. माझ्या मुलीने. पहिलीत असताना सिस्टर मला ‘सूझी’ म्हणायच्या, कारण सुहासिनी त्यांच्या जिभेला झेपत नव्हतं. मी उभी राहून सांगितलं होतं की माझ्या नावात चारच अक्षरं आहेत आणि चारही लागतात. तुला मी कधी कुणाला ‘तनू’ म्हणू दिलं नाही. त्याचा हा सूड असेल तर पद्धतशीर घेतलास.

आता तक्रार. ‘टोपण’ हे नाव चूक आहे. टोपण पेनाला असतं, बाटलीला असतं. तुम्हाला अभिप्रेत आहे ते टोपणनाव. निम्मा शब्द कुठे सांडला?

आपली विश्वासू,
सुहासिनी मायदेव


७ नोव्हेंबर

तनया,

महोदया एकदा पुरे.

उत्तर मिळालं. सहा महिन्यांनी तुझी अक्षरं पाहिली, तीही छापील. ‘टोपणनावातलं टोपण, बाटलीचं नव्हे. आता बदलता येणार नाही. तक्रार बंद.’ खाली एक जांभळा शिक्का: बंद. मी ते वाचून पदर खोचला. तक्रार मी केली, ती मिटली की नाही हे मी सांगायचं, की जिच्याविरुद्ध केली तिने? पण राजस म्हणतो तशीच पद्धत आहे, आणि नवी तक्रार कितीही वेळा करता येते. छान. मला वेळ आहे.

तक्रार दुसरी. माझ्या माहेरी दोन बापू होते. मोठे बापू, माझे चुलते, दिवसभर एकट्याने पत्ते मांडून बसायचे. धाकटे बापू माझे आतेभाऊ. त्यांना कुठलाही शब्द विचारा, अर्थ सांगायचे, बहुधा चुकीचा. तेव्हा पत्त्यांच्या खेळाला मी ‘बापू’ नाव ठेवलं. परवा शब्दकोश बसवला, त्यालाही ‘बापू’ ठेवलं. तुझं टोपण काही बोललं नाही. काल पत्त्यांचा फारच नाद लागतोय असं वाटून मी बापूंना काढून टाकायला सांगितलं, तर गेला शब्दकोश. पत्ते इथेच.

पुण्यात असं एक घर दाखव ज्यात दोन बापू, दोन नाना किंवा दोन बाळ नाहीत. आम्ही मोठे बापू, धाकटे बापू म्हणायचो. धाकटे जन्माला आले म्हणून मोठ्यांना कुणी पुसून टाकलं नाही. हा दोष आहे, आणि माझा नाही.

एवढ्यात मध्येच इंद्रजीत नावाच्या कुणी मला लिहिलं आहे: ‘काकू, प्लीज, हा इश्यू ट्रॅकर आहे. इश्यूमध्ये फॅमिली मॅटर नको.’ इंद्रजीत, मी तुमची काकू नाही. आणि ज्या इंग्रजीत मी शिकले तिच्यात ‘इश्यू’ म्हणजे अपत्यसुद्धा. त्या अर्थाने मी विषयाला अगदी धरून आहे.

राहिली ती लाल चौकट. तू हे काम का थांबवते आहेस ते कुठेच लिहिलेलं नाही. तीस तारखेनंतर मी तक्रार कुठे करायची, हेही नाही. ही माझी तिसरी तक्रार समज.

सुहासिनी मायदेव, तक्रारदार

ता.क. मी हे पान दिवसातून एकदाच, दुपारच्या चहानंतर पाहते. त्यामुळे उत्तराची घाई नाही. तुझं पहिलं उत्तर काल दुपारी नव्हतं, संध्याकाळी नव्हतं, आज दूध आलं तेव्हाही नव्हतं.


१२ नोव्हेंबर

तनया,

‘तुम्ही दाखवलेली चूक खरी आहे. दुरुस्त केली. एखादं नाव आधीच दिलेलं असेल तर टोपण आता विचारेल: बदलू का? नव्या आवृत्तीत तुमचे आभार मानले आहेत.’

तुम्ही. तुमचे. आईला कुणी अहोजाहो करतं का गं? तू अडीच वर्षांची असताना मला ‘ए’ म्हणायचीस आणि तुझी आजी तोंडाला पदर लावून हसायची. मी तुला महोदया म्हटलं ते चिडून म्हटलं, तो माझा अधिकार आहे. तू मला तुम्ही म्हटलंस ते थंडपणे म्हटलंस. बँकेतली मुलगी म्हणते तसं. आणि आभारात ‘एस. मायदेव’ लिहिलं आहे. एस म्हणजे कोण? सुरेश? पूर्ण नाव लिही.

दुरुस्ती मात्र चोख आहे. मी तिसऱ्या बापूंचं निमित्त करून पाहिलं. त्याने विचारलं, मी ‘नको’ म्हटलं, त्याने ऐकलं. या घरात माझं इतक्या लवकर कुणीच ऐकलेलं नाही.

राजसच्या लग्नाबद्दल मी इथे लिहिणार नव्हते, कारण ही जागा माझ्या तक्रारींची आहे आणि ती तक्रार तुझी आहे. पण पान तीस तारखेला बंद होणार, तेव्हा माझ्या बाजूची नोंद झालेली बरी. कार्यालयात जेवणाच्या पंगतीत निशाबाईंनी, राजसच्या सासूबाईंनी, मला विचारलं, “तुमची तनया काय करते?” मी म्हटलं, “ती खराडीला कंपनीत असते.” यात खोटं काय होतं? तू होतीसच खराडीला कंपनीत. ‘असते’ हे क्रियापद जरा जुनं झालं होतं, एवढंच. तू माझ्या मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभी आहेस हे मला काय माहीत. तू म्हणालीस, “नाही हो, मी नोकरी सोडली. आता घरी बसून सगळ्यांना फुकट वापरता येईल असं सॉफ्टवेअर लिहिते.” त्यावर निशाबाई म्हणाल्या, “अगंबाई, मग पुढे काय?” आणि मी म्हटलं, “पुढे परत जाईलच ती कंपनीत. थोडं डोकं फिरलंय सध्या.”

ते मी हसत म्हटलं होतं. निशाबाईही हसल्या. तू ग्लास टेबलावर ठेवलास आणि चपला शोधायला गेलीस.

जूनमध्ये तू मांजरीला घर घेतलंस भाड्याने. उसाच्या शेताला लागून बारा मजली इमारत, राजस सांगतो, खिडकीतून ऊस दिसतो. एरंडवण्याच्या माणसाला मांजरी म्हणजे परदेशच, फक्त पासपोर्ट लागत नाही.

आता तुझ्या यंत्राबद्दल एक गोष्ट, जी कबूल करायला मला आठवडा लागला. मी तार ऑफिसात नोकरी केली हे तू विसरली असशील. तिथे मोठमोठ्या पेढ्यांचे तारेचे पत्ते नोंदवलेले असत. रविवार पेठेतल्या एका पेढीचं नाव, भागीदार, गल्ली, घर नंबर, सगळं लिहायचं तर अर्धी तार तिथेच संपायची. त्यांनी एक शब्द नोंदवला होता, ‘केशर’. कलकत्त्याहून कुणी नुसतं ‘केशर पूना’ लिहिलं की तार नेमकी त्यांच्या गादीवर. केशर हे त्यांचं नाव नव्हतं, नाव होतं तसं पाटीवर होतं. केशर ही हाक होती. आणि ती एका शहरात दोघांना देता येत नसे, हा नियम तुझ्याकडे नव्हता, आता आला.

तेव्हा नाव तोडायचं यंत्र हे माझे शब्द मी मागे घेते. बाकीचे घेत नाही.

सुहासिनी (एस नव्हे)


१८ नोव्हेंबर

तनया,

मी लिहिलं होतं की ‘पिंगळा’ हे नाव मी घड्याळाला देते आहे आणि टोपण ते घेत नाही. त्यावर तुझं उत्तर: ‘तुम्ही क्रम उलटा लिहिला आहे. आधी टोपणनाव, मग पॅकेजचं नाव. खालची ओळ नीट वाचा. चष्मा लाव.’

सुरुवातीला ‘तुम्ही’, शेवटी ‘लाव’. मी काही म्हटलेलं नाही. नुसतं वाचलं. चष्मा लावून वाचलं.

तू लाल चौकटीबद्दलही शेवटी लिहिलंस. एकटीने किती दिवस ओढायचं, मोठ्या लोकांनी असंच यंत्र काढलं आहे, तुझं वापरणारे मोजके, आणि त्यातलेही निम्मे भांडायलाच येतात. हे मला उद्देशून आहे का ते कळलं नाही. भांडतो म्हणजे वापरतो, एवढं लक्षात घे. ज्या दुकानात कुणी वाद घालत नाही ते दुकान उद्या बंद होतं.

इंद्रजीतने खाली लिहिलं आहे, ‘मी रोज वापरतो ताई, बंद नका करू.’ बघ. तोही खराडीलाच असतो, कंपनीत, खरोखरचा. त्याने मला पुन्हा काकू म्हटलं आहे, आणि विचारलं आहे की चकली तेलात विरघळते ती का. मी त्याला कळवलं की मोहन जास्त झालं. हा इश्यू नव्हे हे मला माहीत आहे, विचारलं त्याने.

परवा आपल्या समोरचे श्रीनिवास आले होते, सोसायटीच्या पाण्याच्या मीटरचं सांगायला. सांगून झालं, उठायला लागले, आणि उगाच आपलं विचारावं तसं विचारलं, “तनया काय करते हल्ली? त्याच कंपनीत का?”

मी म्हटलं, “बसा.”

“नाही, निघतो, हिला—”

“बसा हो. सांगते.” आणि लॅपटॉप उघडला. “हे बघा, ही काळी खिडकी. इथे तुम्हाला समजा पंचांग बसवायचं आहे.”

“मला कशाला पंचांग? भिंतीवर आहे.”

“समजा म्हटलं मी. हे त्याचं नाव. वाचा.”

त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. दोन रेघांपर्यंत गेले आणि थांबले.

“आलं ना दमायला? आता तुम्ही त्याला घरात काय म्हणाल?”

“पंचांग.”

“इतकं सरळ? बरं. लिहिलं. आता बघा.” पंचांग बसलं. ते बघत राहिले. मी म्हटलं, “हे यंत्र तनयाने केलं. एकटीने. आणि ब्राझीलपासून खराडीपर्यंत माणसं ते वापरतात. ती घरी बसून हे करते. कंपनीत नाही, घरी.”

ते म्हणाले, “पैसे कोण देतं?”

मी म्हटलं, “तुम्ही सोसायटीचे मीटर वाचता त्याचे कोण देतं?”

चहा न घेता गेले. पण संध्याकाळी त्यांची सून जिन्यात म्हणाली, “काकू, तनयाताईंनी काहीतरी मोठं शोधलंय ना?” मी दुरुस्त केलं. मोठं नाही म्हटलं, लहान करायचं.

एवढं झालं. हे तक्रारीत बसत नाही, म्हणून याला उत्तर नको. बंदचा शिक्का मार.

वेळेवर जेवतेस का? हीही तक्रार नाही, चौकशी आहे.

सु. मा.
(आता मीच आद्याक्षरं लिहिली. राहू दे.)


२४ नोव्हेंबर

तनया,

मागच्या पत्रावर तू बंदचा शिक्का मारला नाहीस. उत्तरही दिलं नाहीस. तो इश्यू तसाच उघडा आहे, हिरवा. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते सूचनांमध्ये नाही. मी पाहिलं, दोनदा.

आज खरा दोष आहे. बाबांचा लॅपटॉप अडकला. मी एकाच पॅकेजला दोन नावं दिली होती. कालपर्यंत ठीक होतं. आज सकाळी त्यातल्या एका नावाने अद्ययावत करायला सांगितलं, तर काळ्या खिडकीत काहीच येईना, आणि आतला पंखा असा घोंघावायला लागला की शेजारच्यांना वाटलं मी मिक्सर लावून विसरले. मी वाट पाहिली. कुकर लावला, काढला, भाजी झाली. पंखा तसाच. शेवटी वायर काढली. पुन्हा लावून पुन्हा केलं, पुन्हा तेच.

नावं कोणती होती ते विचारू नकोस. ती घरातली आहेत. इथे जग वाचतं.

इंद्रजीत म्हणतो, ‘काकू, नावं सांगितल्याशिवाय डीबग कसं करणार?’ इंद्रजीत, चकलीचं मी न बघता सांगितलं होतं.

पान बंद व्हायला आठवडासुद्धा राहिलेला नाही. हा दोष राहिला तर मी नंतर कुणाला सांगू? मोठ्या लोकांच्या यंत्राला मी पत्र लिहिणार नाही. ते उत्तरं मशीनकडून लिहवून घेतात, राजस म्हणाला.

सुहासिनी


२७ नोव्हेंबर

तनया,

‘इथे करून पाहिलं. कुठलीही दोन नावं दिली तरी माझ्याकडे असं होत नाही. मशीन प्रत्यक्ष पाहावं लागेल. शनिवारी सकाळी येते. तोपर्यंत कशालाही हात लावू नकोस.’

वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून तुझ्या खोलीतल्या पलंगावरचे इस्त्रीचे कपडे उचलले, कारण ते उचलायचे होतेच.

मग मी हात लावला. तू नको म्हणालीस, तरी लावला, कारण मला पोस्टाच्या खात्यात शिकवलं होतं की तार अडकली तर आधी आपलं टोक तपासावं. आणि तपासल्यावर दोष सापडला. तो तुला न सांगता शनिवारची वाट पाहत बसणं मला सहज जमलं असतं. काल दिवसभर तेच करत होते. पण खोट्या निमित्ताने तुला मांजरीहून ओढत आणायचं नाही. तेव्हा लिहिते, आणि जगाला वाचायचं असेल तर वाचू दे.

बाबा बुद्धिबळ खेळायचे ते पॅकेज मी पुन्हा बसवलं. मला खेळता येत नाही. नुसतं पट उघडून ठेवते. त्याचं नाव लांबलचक होतं, म्हणून त्याला नाव दिलं ‘अहो’. दुसरं काय देणार? मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. गोपाळकृष्ण हे नाव मी फक्त फॉर्मवर लिहिलं. तू हसायचीस, की दोघं एकमेकांना नावच नाही असं वागता. ते मला ‘अगं’ म्हणायचे. तर मला वाटलं, तीही हाक तिथेच पोचली पाहिजे. म्हणून सांगितलं, अगं म्हणजे अहो. ते चाललं. अगं म्हटलं की पट उघडायचा.

रविवारी बसल्या बसल्या वाटलं, मग उलटही खरं असायला हवं. सांगितलं, अहो म्हणजे अगं. तुझ्या टोपणने विचारलं, हे नाव आधीच दिलेलं आहे, बदलू का? मी हो म्हटलं. बुद्धिबळाचं खरं नाव त्या ‘हो’बरोबर गेलं.

मग सोमवारी मशीनने विचारलं, अहो कोण? तर अगं सांगेल. अगं कोण? तर अहो सांगतील. अहो कोण? तर अगं. कुकर होऊन भाजी झाली तरी ते एकमेकांनाच हाका मारत होते, आणि खरं नाव दोघांनाही माहीत नव्हतं.

आमच्या घरात हे चाळीस वर्षं चाललं आणि कधी काही अडकलं नाही. एक हाक दिली की दुसऱ्या खोलीतून दुसरी यायची. मशीनच्या दुसऱ्या खोलीत कुणी नव्हतं, एवढंच.

तुझ्याकडे ते का होत नाही ते आता तुला कळलं. असली नावं तिकडे कुणी देत नाही. टोपणने फक्त विचारायला हवं की बाई, ही दोन्ही नावं एकमेकांकडेच बोट दाखवतात, खरं कोण? ती दुरुस्ती तू मांजरीला बसून पाच मिनिटांत करशील. मशीन पाहायची गरज नाही. पट परत बसवायला काय टाइप करायचं तेही मला समजलं आहे. चष्मा लावून वाचलं.

तेव्हा शनिवारी यायचं बंधन नाही. तसं कळव. पान रविवारपर्यंत उघडं आहे.

आई


२९ नोव्हेंबर, सकाळ

तनया,

तुझं उत्तर काल संध्याकाळी आलं. ‘कारण कळलं. दुरुस्त करून टाकलं, नवी आवृत्ती चढवली. तरी मशीन प्रत्यक्ष पाहावंच लागेल. दहापर्यंत येते, आई.’

त्याच्याखाली इंद्रजीतने लिहिलं आहे, ‘ताई, काकूंना सांगा, अर्ध्या तक्रारी मी बघतो, पण बंद नका करू.’ लाल चौकट अजून आहे. तिच्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, आणि ते मी लिहून नाही, तोंडी बोलणार आहे. आवाजही चढवीन कदाचित. तुझाही चढू दे.

दहा म्हणजे दहा. हडपसरच्या पुलाखाली अडकशील, आत्ताच नीघ. बस घेतलीस तर डेक्कनला उतर, रिक्षावाल्याशी वाद घालू नकोस, तो मीटरनेच येतो, फक्त कुरकुर करतो. गॅसवर आमटी आहे. श्रीनिवास जिन्यात भेटतील, त्यांना यंत्र समजावून सांगायला जाऊ नकोस, मी सांगितलंय.

पंखा बंद आहे. पटही नीट उघडतो आहे. मशीनमध्ये पाहण्यासारखं आता काहीच राहिलेलं नाही. तू ये.

आणि हा इश्यू आत्ता बंद करू नकोस. मी सांगेन तेव्हा कर.